कन्सोल घरात येतो तेव्हा

इमारतीच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडली, की दहा-पंधरा नावं सहज दिसतात. काही फ्लॅट नंबर आणि आडनाव जोडून केलेली, काही फायबर कंपनीचं नाव आणि पुढे चार आकडे अशी, आणि एखादं कुणा कॉलेजकुमारानं ठेवलेलं ‘पोलीस व्हॅन क्र. २’. प्रत्येक नावाशेजारी कुलपाचं तेच बारीक चिन्ह. पण त्या चिन्हामागची व्यवस्था सगळीकडे सारखी नसते. कुठे ती २००४ सालची असते, कुठे २०१८ची, आणि क्वचित एखाद्या घरी २००१ सालीच मोडीत निघालेली. रोजच्या वापरात हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. फोन तीन-चार वर्षांनी बदलतो, लॅपटॉपही बदलतो, आणि नवी यंत्रं नव्या पद्धतीशी जुळवून घेतात.

गेम कन्सोलचं तसं नाही. तो महाग असतो, टीव्हीखाली दहा-दहा वर्षं बसतो, धाकट्या भावाकडे जातो, मग ओएलएक्सवरून तिसऱ्याच घरी पोचतो. अशा यंत्राला घरचं वायफाय मिळेना, की माणसं वैतागून राउटरच्या सेटिंग्ज उघडतात आणि कन्सोल जोडला जाईपर्यंत एकेक गोष्ट सैल करत जातात. शेवटी हिरवी खूण येते, खेळ सुरू होतो आणि सैल केलेलं तसंच राहतं. घरचं वायफाय बिघडतं ते बहुतेक वेळा असं, आपल्याच हातानं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण निन्टेंडो डीएसचं. दोन पडद्यांचा, मिटून खिशात ठेवता येणारा हा कन्सोल नोव्हेंबर २००४मध्ये बाजारात आला आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या मिळून पुढे १५ कोटींहून अधिक विकल्या गेल्या. वर्षभरानं, नोव्हेंबर २००५मध्ये, निन्टेंडोनं त्याच्यासाठी ऑनलाइन सेवा सुरू केली आणि ‘मारिओ कार्ट’ची शर्यत दुसऱ्या खंडातल्या अनोळखी पोराशी लावता येऊ लागली. अट एकच होती. घरचं वायफाय एकतर बिनपासवर्डचं हवं, नाहीतर डब्ल्यूईपी पद्धतीचं. तिसरं काही डीएसला कळतच नव्हतं.

डब्ल्यूईपी ही वायफायच्या पहिल्या, म्हणजे १९९७च्या मानकातली एन्क्रिप्शनची पद्धत. हवेतून जाणारं प्रत्येक पॅकेट वेगळ्या किल्लीनं बंद व्हावं, म्हणून तिच्यात मूळ किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. २४ बिट म्हणजे साधारण १ कोटी ६८ लाख वेगवेगळे आकडे. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि मग तेच आकडे पुन्हा येऊ लागतात. शिवाय हा आकडा पॅकेटाबरोबर उघडाच जातो. २००१ साली स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि अदी शमीर या तिघांनी दाखवून दिलं, की यातले काही आकडे मूळ किल्लीची माहिती थोडी थोडी बाहेर सोडतात. पुरेशी पॅकेटं नुसती ऐकत बसलं तरी किल्ली हाती येते. २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवलं. त्याच वर्षी टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीतून साडेचार कोटींहून अधिक कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. कॅनडाच्या सरकारी चौकशीत जे दोष निघाले, त्यात दुकानांतलं डब्ल्यूईपी वायफाय होतं.

म्हणजे डीएस आला तेव्हा डब्ल्यूईपी मोडून तीन वर्षं झाली होती. त्याची जागा घेणारं डब्ल्यूपीए-२ नेमकं २००४ सालीच तयार झालं होतं. मग निन्टेंडोनं मागाहून सुधारणा का पाठवली नाही? कारण नेटवर्कशी बोलणारा प्रोग्राम कन्सोलमध्ये नव्हताच. तो प्रत्येक खेळाच्या कार्डात भरलेला असे. कारखान्यातून बाहेर पडलेलं कार्ड बदलणार कोण? २००८च्या डीएसआय या सुधारित आवृत्तीत डब्ल्यूपीए-२ आलं खरं, पण त्यात जुन्या खेळाचं कार्ड घातलं, की ते पुन्हा डब्ल्यूईपीच मागायचं.

आता त्या काळातल्या घरांत काय झालं असेल पाहा. मुलाच्या वाढदिवसाला डीएस येतो, तो जोडला जात नाही, मुलगा रडकुंडीला येतो. बाबा राउटरच्या पानावर जातात, डब्ल्यूपीए-२ काढून डब्ल्यूईपी लावतात, आणि त्या क्षणापासून घरातला प्रत्येक लॅपटॉप, त्यावरचं बँकेचं काम, ऑफिसची मेल, सगळं एका खेळण्याच्या पातळीवर उतरतं. निन्टेंडोनं यावर एक बरा तोडगाही विकायला ठेवला होता. यूएसबीचा एक छोटा डोंगल संगणकाला लावायचा, की तो डीएसपुरतं वेगळं, लहानसं वायफाय तयार करायचा. घरच्या राउटरला हात लावायची गरज उरत नसे. ती ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. पण सेवा बंद झाली म्हणून राउटरची सेटिंग आपोआप पूर्वपदावर येत नाही.

त्या डोंगलमागचा विचार आजही लागू आहे. जुनं यंत्र घरात घ्यायचंच असेल तर त्याच्यासाठी वेगळी सोय करावी. त्याच्यापायी सगळ्या घराची पातळी खाली आणू नये. राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिश्र’ आणि त्यापुढे ‘टीकेआयपी’ असं काही दिसलं, तर तिथेही कधीतरी अशीच तडजोड झालेली आहे असं समजा. टीकेआयपी ही डब्ल्यूईपीची २००३मधली तात्पुरती डागडुजी होती. ती ठेवण्यात वेगाचंही नुकसान आहे. २००९नंतरच्या वायफाय मानकांनुसार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीवर जोडलेल्या यंत्राला नवे वेग वापरताच येत नाहीत. ते जुन्या ५४ मेगाबिटांवरच अडकतं. तीनशे मेगाबिटांचा प्लॅन घेऊन खेळ डाउनलोड व्हायला रात्र लागत असेल, तर फायबरवाल्याला फोन करण्याआधी हे बघून घ्यावं.

‘आमच्या वायफायवरून कुणी फुकट सिनेमा बघितला तर बघू दे, आमचं काय जातं?’ असं म्हणणारे सज्जन प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना नवी मुंबईतल्या २००८च्या गोष्टीची आठवण करून द्यावी लागते. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारी ई-मेल गेली होती. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात अशा मेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क वापरलं गेलं आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरायची मोहीम काढली, आणि फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना दिल्या. तपासाच्या पहिल्या टप्प्यावर आयपी पत्त्यापुढे एकच नाव येतं, महिन्याचं बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं.

डब्ल्यूईपी गेलं, डब्ल्यूपीए-२ आलं, म्हणजे झालं का? इथे सगळा भार पासवर्डवर येतो. फायबर टाकायला आलेला मुलगा घाईत असतो. दाराच्या वर, मीटरच्या पेटीशेजारी तो डबा ठोकतो, मोबाइलवर काहीतरी टाइप करतो आणि विचारतो, “काका, पासवर्ड काय ठेवू? तुमचा मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.” आपण मान डोलावतो. महाराष्ट्रातल्या किती घरांचा पासवर्ड मोबाइल नंबर असेल याची गणती कुणी केलेली नाही, पण इस्राएलमध्ये एकानं असा प्रयोग करून पाहिला आहे. सायबरआर्क या कंपनीतल्या इडो हूर्विच या संशोधकानं २०२१मध्ये तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून ५,००० वायफायची माहिती गोळा केली आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के नेटवर्कांचे पासवर्ड शोधून काढले. त्यांत मोबाइल नंबरांचा भरणा मोठा होता.

हे कसं जमतं? एखादं यंत्र डब्ल्यूपीए-२ वायफायला जोडलं जातं तेव्हा राउटर आणि ते यंत्र यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड जात नाही, पण पासवर्डचा अंदाज बरोबर की चूक हे ताडून पाहण्याइतका मजकूर जातो. तो एकदा टिपला, की चोराला तुमच्या इमारतीखाली उभं राहायची गरज नाही. घरी जाऊन तो एकेक अंदाज ताडत बसतो. हे काम सोपं होऊ नये म्हणून प्रत्येक अंदाजासाठी ४,०९६ आवर्तनांचं गणित करावं लागेल अशी योजना आहे. २००४च्या संगणकांना ते जड होतं. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासतं. गेमिंगसाठी घेतलेलं कार्डच इथे कामाला येतं, ही यातली गंमत. आपला मोबाइल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा सहा ते नऊ, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या हिशेबानं सगळे नंबर तपासायला लागतो तासाभराहून थोडा जास्त वेळ.

त्याच कार्डाला बारा अक्षरांचा, निव्वळ छोटी रोमन अक्षरं आणि आकडे यांचा, कुठल्याही क्रमाविना केलेला पासवर्ड दिला, तर सगळ्या शक्यता संपायला दीड लाख वर्षं लागतील. इथे कन्सोलवाल्यांची एक खास अडचण असते. हातातल्या कंट्रोलरनं पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर निवडायचं, मोठ्या अक्षरासाठी एक बटण, चिन्हांसाठी दुसरं पान. ‘@’ शोधता शोधता माणूस हैराण होतो आणि पासवर्ड छोटा करून टाकतो. त्यापेक्षा चिन्हांचा नाद सोडा आणि लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, समजा चकली, टेंपो, पाटबंधारे, सतार, गोणपाट, तरी चांगला पासवर्ड होतो, आणि तो आजीलाही फोनवर सांगता येतो. हे पाच मात्र आता छापले गेले, तेव्हा तुमचे तुम्ही शोधा. नियमानुसार पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच या तिन्हींना यूएसबीचा साधा कीबोर्ड लावता येतो. शेजाऱ्याकडून पाच मिनिटांसाठी मागून आणला तरी भागतं.

वायफायचं नावही बदला. त्यामागे सौंदर्यदृष्टी नाही, गणित आहे. वर सांगितलेल्या ४,०९६ आवर्तनांत नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं. त्यामुळे राउटर कंपनीनं दिलेल्या सरसकट नावांसाठी उत्तरांचे तयार तक्ते करून ठेवता येतात. वेगळं नाव ठेवलं, की ते तक्ते निरुपयोगी. फक्त त्यात फ्लॅट नंबर आणि आडनाव नको. कुठला सिग्नल कुणाच्या घरचा, हे जिन्यातल्या अनोळखी माणसाला आपण होऊन कशाला सांगायचं?

२०१८मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३मध्ये ही घरी नेऊन अंदाज ताडण्याची सोयच काढून टाकली आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्यानं बोलावं लागतं. राउटर नवा असेल तर ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ असा एकत्र पर्याय मिळतो. तो निवडावा. कन्सोलला जे येत असेल त्यावर तो जोडला जातो. हे ‘मिश्र’ टीकेआयपीवाल्या मिश्राइतकं वाईट नाही, कारण इथल्या दोन्ही पद्धती आज वापरण्याजोग्या आहेत.

डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण राउटरच्या मागे असतं. ते दाबायचं, कन्सोलवर तोच पर्याय निवडायचा, की पासवर्ड न घालता जोडणी. कंट्रोलरनं टाइप करायला कंटाळलेल्यांना ते फार आवडतं. बटणापुरतं ते ठीकही आहे, पण त्याच सोयीला आठ आकडी पिनचा दुसरा मार्ग जोडलेला असतो आणि खरी मेख तिथे आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्यात. डिसेंबर २०११मध्ये श्टेफान फीबोक या ऑस्ट्रियन संशोधकानं दाखवलं, की राउटर या पिनचे दोन तुकडे करून तपासतो आणि पहिले चार आकडे बरोबर आले का ते वेगळं सांगून टाकतो. शेवटचा आकडा तर नुसता पडताळ्याचा. मग उरतात दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे अवघ्या ११,००० शक्यता. दहा कोटींवरून अकरा हजारांवर! पुढे अनेक राउटरांत चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबण्याची सोय आली, पण तुमच्या डब्यात ती आहे की नाही हे शोधत बसण्यापेक्षा डब्ल्यूपीएस बंद करणं सोपं.

कन्सोल जोडला. आता ऑनलाइन खेळताना पडद्यावर येतं ‘नॅट टाइप : स्ट्रिक्ट’. मित्रांचा आवाज येत नाही, त्यांच्या खेळात शिरता येत नाही. इथून दुसरी, जास्त धोक्याची तडजोड सुरू होते.

घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच आयपी पत्ता असतो. आतून कुणी बाहेर काही मागवलं, तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्या यंत्राकडे पोचवतो. यालाच नॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा ‘४०२ मध्ये मागवलंय’ असं आतून कळलं असेल तरच पार्सलवाल्याला सोडतो, तसं. आपण होऊन बाहेरून आलेल्या पॅकेटला राउटर दारातूनच परत लावतो. सुरक्षेच्या दृष्टीनं ही फार उपयोगी सवय आहे. पण पुष्कळ खेळांत खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात, आणि मित्राच्या कन्सोलनं पाठवलेलं पॅकेट अनोळखी ठरून अडतं. यावर यूपीएनपी नावाची युक्ती आहे. कन्सोल राउटरला सांगतो, ‘मला अमुक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दे’, आणि राउटर देतो. पासवर्ड नाही, विचारपूस नाही.

अडचण अशी, की हीच विनंती घरातलं कुठलंही यंत्र करू शकतं. स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेरा करू शकतो, टीव्हीला लावलेला बिननावाचा अँड्रॉइड डबा करू शकतो, लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरसही करू शकतो. जानेवारी २०१३मध्ये रॅपिड-७ या कंपनीनं इंटरनेट धुंडाळलं तेव्हा ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरून बाहेरच्या जगाला यूपीएनपीचं उत्तर मिळालं. ही सोय मुळात घराच्या आतल्या यंत्रांसाठी होती.

असे उघडे पडलेले डबे पुढे कुणाच्या कामी येतात, याचा किस्सा खेळांच्याच दुनियेतला आहे. २०१६मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्राम जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेत सुटला. त्याच्याकडे हुशारी अशी काही नव्हती. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाच्या, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघत असे. तो लिहिणारी तीन अमेरिकी पोरं पुढे डिसेंबर २०१७मध्ये गुन्हा कबूल करून मोकळी झाली. त्यांच्या उद्योगाची मुळं ‘माइनक्राफ्ट’चे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या आपसातल्या चुरशीत होती. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर बंद पाडला की त्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे येतात. मिराईचा कोड जाहीर झाल्यावर इतरांनी तो उचलला. २१ ऑक्टोबर २०१६ला डाइन या, साइटांची नावं त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास बंद पडल्या. सगळ्यांना वाटलं, कुठल्यातरी शत्रुराष्ट्राचं काम असणार. २०२०मध्ये एका आरोपीनं न्यायालयात कबुली दिली तेव्हा कळलं, की निशाणा होता सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क. बाकीचं इंटरनेट मधल्या मध्ये भरडलं गेलं.

म्हणून राउटरच्या पानावर जाण्याचा, म्हणजे वायफायचा नव्हे तर अ‍ॅडमिनचा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आधीचा कळण्यासाठी डब्याच्या पोटावरचं स्टिकर वाचावं लागतं. बहुतेक राउटरांचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की उघडतं. तिथेच फर्मवेअरची सुधारणा आहे का तेही बघता येतं.

यूपीएनपीबद्दल माझं मत असं. आधी ते बंद करून खेळून बघा. पुष्कळ खेळ कंपनीच्याच सर्व्हरमधून चालतात आणि ‘मॉडरेट’ किंवा प्लेस्टेशनच्या ‘टाइप २’वर त्यांचं काही अडत नाही. अडलंच तर कन्सोलला राउटरमधून एक कायमचा अंतर्गत पत्ता द्या आणि त्या पत्त्यापुरते, त्या खेळाला लागणारे पोर्ट हातानं उघडा. एक्सबॉक्सला लागणाऱ्या पोर्टांतला मुख्य ३०७४. हे किचकट वाटत असेल आणि घरात संशयास्पद यंत्रं नसतील तर यूपीएनपी सुरू ठेवणं समजण्यासारखं आहे. पण यूट्यूबवरचा कुणी ‘डीएमझेडमध्ये टाका, शंभर टक्के ओपन’ असं सांगत असेल तर ऐकू नका. डीएमझेड म्हणजे त्या यंत्रासाठी वॉचमनलाच घरी पाठवणं.

हे सगळं करूनही नॅट स्ट्रिक्टच राहिलं, तर दोष बहुधा तुमचा नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी तुम्हाला आणि इतर गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते आहे. हा पट्टा २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. अशा वेळी तुम्ही घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, अडवणूक पुढच्या चौकात होते. कंपनीकडे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागणं किंवा आयपीव्ही-६ सुरू आहे का ते विचारणं, एवढंच हातात असतं. आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे फायबरवाल्याचा डबाही राउटर आणि त्यामागे तुम्ही हौसेनं घेतलेला महागडा राउटरही राउटर. दोघांपैकी एकाला ‘ब्रिज’वर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम एकच डबा करील.

आता कन्सोल ठेवायचा कुठे? इथे लोक सरसकट सल्ला देतात, ‘गेस्ट नेटवर्कवर टाका’. मला तो अर्धाच पटतो. आजचा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हे घरातलं सगळ्यात कडेकोट यंत्र असू शकतं. कंपनीच्या सहीशिवायचा प्रोग्राम तो चालवत नाही, आणि सुधारणा घेतल्याखेरीज ऑनलाइन खेळू देत नाही. कंपनीचा यात स्वार्थ आहे, चोरटे खेळ चालू नयेत हा. पण फायदा आपल्यालाही होतो. असा कन्सोल मुख्य नेटवर्कवर राहू द्या, आणि जमलं तर लॅनच्या वायरनं जोडा. प्रत्यक्ष खेळायला बँडविड्थ फार थोडी लागते. लागतो तो एकसारखा, न अडखळणारा प्रतिसाद, आणि तो वायरवर मिळतो. दाराच्या वरच्या राउटरपासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत पट्टीमागून वायर न्यायला इलेक्ट्रिशियनला अर्धा तास पुरतो. बायको किंवा आई भिंतीवरच्या पट्टीला नाक मुरडेल, तेवढं सोसावं. मूळ निन्टेंडो स्विचच्या डॉकला लॅनचं छिद्र नाही, त्याला यूएसबीचा अडॅप्टर लागतो. २०२१च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला ते आहे.

वायर शक्य नसेल तर ५ गीगाहर्ट्झ. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात इमारतीतले पंधरा राउटर, ब्लूटूथचे कंट्रोलर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यांची दाटी. ५ गीगाहर्ट्झ मोकळा असतो, पण सिमेंटच्या भिंतींपुढे लवकर हात टेकतो. आणि एक ध्यानात ठेवा. २०१३च्या मूळ प्लेस्टेशन-४ला आणि प्लेस्टेशन-३ला ५ गीगाहर्ट्झ दिसतच नाही. सेकंडहँड बाजारात हेच कन्सोल फिरत असतात. ‘वायफाय खराब आहे’ म्हणून परत करण्याआधी राउटरवर २.४ चालू आहे का ते बघा.

गेस्ट नेटवर्क खरं कामाला येतं ते अशा जुन्या मंडळींसाठी. कंपनीनं सुधारणा देणं थांबवलेला कन्सोल, चिनी टीव्हीडबा, कॅमेरे, वायफायचे बल्ब आणि खेळायला येणाऱ्या पोरांचे फोन, या सगळ्यांना २.४ गीगाहर्ट्झवर, डब्ल्यूपीए-२ आणि वेगळा पासवर्ड देऊन गेस्टवर बसवा. तिथून घरातल्या लॅपटॉपपर्यंत किंवा प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही, फक्त बाहेरचं इंटरनेट मिळतं. मोबाइलवरून कन्सोल चालवण्यासारख्या काही सोयी मग बंद पडतील, कारण फोन एकीकडे आणि कन्सोल दुसरीकडे. जुन्या डीएससारखं फक्त डब्ल्यूईपी मागणारं काही असेल, तर त्याला घरच्या कुठल्याच जाळ्यावर घेऊ नये. एकट्यानं खेळता येण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

दोन उपाय अजूनही भक्तिभावानं सांगितले जातात, वायफायचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांचेच मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) चालू देणं. दोन्हींचा उपयोग शून्याजवळ आहे. मॅक पत्ता प्रत्येक पॅकेटाबरोबर उघडा जातो आणि त्याची नक्कल करायला मिनिटही लागत नाही. नाव लपवलं तर तुमचे फोन जातील तिथे त्या नावाला हाका मारत फिरतात. यात घालवायचा वेळ पासवर्डवर घालवावा.

घरचं नेटवर्क कितीही नीट असलं तरी तुमचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. एप्रिल २०११मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये शिरकाव झाला, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. त्यात कुणाच्या घरच्या राउटरचा दोष नव्हता. सोनीनं दोन टप्प्यांची पडताळणी आणली ती २०१६मध्ये. आता ती प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो या तिन्हींकडे आहे. सुरू करा, आणि कन्सोलच्या खात्याचा पासवर्ड मेलच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. मुलाच्या खात्याला तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर खरेदीला पिन लावा. वायफायशी याचा संबंध नाही, पण महिन्याच्या बिलाशी आहे.

कन्सोल किंवा राउटर विकायचा झाला तर आधी फॅक्टरी रीसेट करा. कन्सोलमध्ये तुमच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि खातं साठवलेलं असतं, राउटरमध्ये तर सगळंच. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, की दिवे एकदम लुकलुकतात. ते बघितल्याशिवाय डबा गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. कन्सोलमधल्या खात्यातून मात्र आधी मेन्यूत जाऊन साइन आउट करा, मगच कन्सोल रीसेट करा.